जेडच्या नावाचा घोळ

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या झाडांवर लेख होता. जेडची पानं मांजराच्या पोटात गेली तर उलट्या होतात, असं त्यात लिहिलंय ते बरोबरच आहे. फोटो मात्र भलत्याच झाडाचा छापलात. परिणामी सोमवारी सकाळी शेजारच्या वहिनी सहा वर्षं वाढवलेली कुंडी घेऊन माझ्या दारात. त्यांचा बोका दिवसभर बाल्कनीत लोळत असतो. "काकू, हे तुम्हीच ठेवा." मी एक पान खुडलं आणि त्यांच्यासमोर चावून खाल्लं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

ते जेड नव्हतंच. आपल्याकडे नर्सरीत 'जेड' म्हणून बहुतेकदा हातात देतात ती पोर्टुलाकारिया आफ्रा. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. दोन्ही दक्षिण आफ्रिकेकडची, दोघींची पानं गुबगुबीत, समोरासमोर जोडीनं. कुळं मात्र वेगळी. क्रासुलाचं पान दोन-तीन इंच सहज होतं, दांडा जाडजूड आणि कोवळा असताना हिरवा. पोर्टुलाकारियाचं पान करंगळीच्या नखाएवढं, फांद्या काटकुळ्या, लालसर तपकिरी. रोप लहान असेल तर पानाच्या आकारावर जाऊ नका, फांदीचा रंग बघा.

पोर्टुलाकारिया या नावातच 'घोळूसारखी' असा अर्थ आहे. पोर्टुलाका म्हणजे आपली घोळूची भाजी. चवही तशीच आंबूस, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. पाणी वाचवायला हे झाड रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं आम्ल करून पानांत साठवतं आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकतं. तिकडे हत्ती याच्या फांद्या आवडीनं खातात. अर्थात चावून ओळखण्याचा माझा उद्योग कुणी करू नये. नर्सरीतून आलेल्या झाडावर कसली फवारणी झाली असेल सांगता येत नाही. वहिनींचं झाड माझ्याच कुंडीतल्या फांदीचं होतं, म्हणून मी खाल्लं.

पुढच्या रविवारी फोटोची दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि दोन्ही झाडं शेजारी शेजारी दाखवलीत तर फारच बरं.

वहिनी कुंडी परत घेऊन गेल्या. बोक्याला त्या झाडात कधीच रस नव्हता म्हणे. तो दारातला मनी प्लांट कुरतडायचा, आणि तो तर मांजरांना खरोखरच बाधतो! आता तो छताला टांगलाय.

— एक वाचक, डोंबिवली