काकूंना धीर देणाऱ्या दादांचे आभार

काकूंच्या लॅपटॉपवर स्क्रीनभर ‘व्हायरस सापडला’ असा इशारा आला, सोबत भोंगा. खालच्या नंबरवर त्यांनी फोन केला. पलीकडच्याने रिमोट अ‍ॅप (दुरून लॅपटॉप चालवता येणारं) टाकायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, लाल खुणा दाखवल्या आणि पैसे मागितले. तसल्या खुणा धडधाकट मशीनमध्येही असतात, पण घाबरलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

सांगितलं ते लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दादांनी. त्यांनी आधी वायफाय बंद करायला लावलं. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायला सांगितला, कारण लॅपटॉपवर टाइप केलेलं चोराला दिसू शकतं. रिमोट अ‍ॅप काढलं. लॅपटॉपमध्ये शिरलेला नकली अँटीव्हायरस मात्र काढला तरी रीस्टार्टनंतर पुन्हा हजर! टास्क शेड्युलरमधलं (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एक काम तो परत उतरवत होतं. ते आधी उडवलं, मग डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावलं. ते विंडोज सुरू होण्याआधीच चालतं, त्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं. उरलेले पॉपअप ब्राउझरच्या नोटिफिकेशन परवानगीतून येत होते, तीही काढली.

‘फोन केलातच कशाला?’ असं दादा एकदाही म्हणाले नाहीत. उलट कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: ‘असा इशारा आला तर एस्केप दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, ब्राउझर निवडा, एंड टास्क.’ आणि काकूंच्याच हातून तीनदा करून घेतलं. तो कागद आता लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवलाय. दादा, मनापासून आभार.