आई-बाबा, ते दहा मिनिटांवालं ॲप मी काढून टाकलंय

आई-बाबा,

फोनवर हे सांगायला गेले की बाबा मधेच "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून मेल करतेय. बाबा, टॅबवर अक्षरं मोठी करा आणि आईला सगळं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी काय केलंय ते सांगते. रविवारी दुपारी तुम्ही दोघं आडवे झाला होतात तेव्हा मी टॅबवरून आणि आईच्या फोनवरून ते दहा मिनिटांत सामान आणणारं ॲप काढलं, माझं कार्ड तिथून डिलीट केलं आणि औषधांची दर महिन्याला आपोआप येणारी ऑर्डर कायमची बंद केली. विचारलं नाही तुम्हाला. चुकलंच ते, पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती असू दे गं, आणि मीही असू दिलं असतं, वर्षभर तेच तर चाललंय. रागावायचं असेल तर पूर्ण वाचून मग रागवा.

बाबांना चक्कर आली तेव्हापासून मला नीट झोप नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली म्हणजे खरं तर नुसती कंपनी बदलली, आत दोन्हीत टेल्मिसार्टनच. पण जुनी पाकिटं दारात येतच राहिली, कारण ती ऑर्डर मी लावून दिली होती आणि बंद करायला मीच विसरले. बाबांना वाटलं दोन वेगळ्या गोळ्या आहेत, एक सकाळची, एक रात्रीची. नऊ दिवस घेतल्या त्यांनी आणि दहाव्या दिवशी बाथरूमच्या दारात बसले. नशीब आई जागी होती. कोपऱ्यावरच्या केमिस्टकाकांना मी दोन्ही पाकिटं दाखवली तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि म्हणाले, अगं हे एकच औषध आहे, बाबा दोन्ही कशाला घेतायत? अर्धं मिनिट लागलं त्यांना. महिन्याचे दोन-अडीचशे रुपये वाचावेत म्हणून मी बाबांना ज्यांच्याकडून तोडलं, ते बाबांची औषधं मी कॉलेजात असल्यापासून देतायत. बाबा, तुमची काहीही चूक नाही यात, उगाच मनाला लावून घेऊ नका.

मग त्याच रविवारी मी घरात बघायला लागले. दाराच्या मागे खोक्यांचा ढीग, बाबांच्या वॉकिंगच्या बुटांवर धूळ, आणि खिळ्यावरची ती निळी कापडी पिशवी अगदी कडक झालेली, कितीतरी दिवसांत हात लागला नसावा तिला. बाबांच्या फोनमध्ये पावलं बघितली, शनिवारची सहाशे चाळीस. सहाशे चाळीस, बाबा! तुम्ही जेवण झाल्यावर तलावपाळीला एक फेरी मारून कोपिनेश्वराला हात जोडून यायचात आणि मी अर्ध्या वाटेत पाय दुखतात म्हणून रडायचे, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन उरलेली फेरी पूर्ण करायचात. डॉक्टर रोज तीस मिनिटं चाला म्हणतात आणि कारण तर काही उरलंच नाहीये खाली उतरायला, कारण सगळं वर येतं.

आणि त्या दिवशी सात वेळा बेल वाजली. मी मोजलं. एकदा ब्रेड, एकदा चार लिंबं, एकदा कोथिंबीर, असं. मी आईला म्हटलं एकदमच मागव ना, तर आई म्हणाली, "बेल वाजली की बरं वाटतं गं, कुणी आलंसं वाटतं." आई, तू सहज बोललीस आणि कणीक मळायला गेलीस, पण मला तिथे उभं राहवेना. खारघरहून ठाण्याला थेट गाडी आहे, आणि मी महिन्यातून एकदा येते, तेही संध्याकाळच्या गाडीने परत. सामान येतंय, औषधं येतायत, म्हणजे आई-बाबांचं नीट चाललंय, असं मी मला समजावत होते. ते ॲप मी माझ्या सोयीसाठी घातलं होतं, तुमच्या नाही, हे मला कधीतरी बोलायचंच होतं.

फ्रीजमधली कोथिंबीर मी काढून बघितली. प्लास्टिकच्या डबीत, वरून हिरवी, खाली काळं पाणी. आई, तू मला गावदेवीच्या मंडईत भेंडीचं टोक मोडून बघायला शिकवलंस, वांग्याचा देठ हिरवा आहे ना बघ म्हणायचीस, मेथीची जुडी उलटी करून मुळं बघायचीस आणि मावशी ओरडायच्या, "अहो वहिनी, नवरा निवडताना एवढं बघितलं होतं का?" आणि तू हसत हसत आणखी एक जुडी घ्यायचीस. ती तू फोनवर फोटो बघून भाजी घेतेस. आणि परवा तर मार्गशीर्षातल्या गुरुवारचं पूजेचं सामान पण पाकिटातून आलं, पाच पानं एका रबरात बांधलेली आणि वेणी तर कापडीच निघाली. तू काही बोलली नाहीस, कलशाला ती लावलीस, पण नंतर गॅलरीतल्या मोगऱ्याकडे बघत उभी राहिलीस, थंडीत त्याला कुठे फुलं असणार. बुधवारी संध्याकाळी जांभळी नाक्यावरून भरल्या पिशव्या घेऊन येणारी माझी आई ती.

बाबा म्हणणार, भाव बघ, तूरडाळ किलोमागे बारा रुपये स्वस्त आहे. आहे, मान्य. पण मी तुमच्या महिन्याभराच्या ऑर्डरी काढून हिशोब केला, डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून टाकलेली बिस्किटं, वर हँडलिंग चार्ज, पावसात जास्तीचा चार्ज, सगळं धरलं तर वाणीकाकांच्या दोन महिन्यांपूर्वीच्या यादीपेक्षा जास्तच गेलेत. त्यात ते पोहे, नऊ दिवसांत एक्सपायरी असलेले. बाबा, तुम्हीच मला पेपरमधलं वाचून दाखवलं होतं ना की नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑनलाइनवाल्यांना सांगितलंय, माल घरी पोचताना त्याचं तीस टक्के आयुष्य किंवा निदान 45 दिवस शिल्लक पाहिजेत. नियम आहे, पण पाकीट दारात आल्यावर तारीख बघणार कोण, चष्मा शोधेपर्यंत मुलगा गेलेला असतो. दुकानात आई पाकीट घेतानाच उलटं करून बघते.

आई म्हणणार, त्या पोरांचं पोट आहे गं त्याच्यावर. मला कळतं. तू पाणी विचारतेस, दिवाळीत चकल्या दिल्यास त्यांना. पण आई, वाणीकाकांचंही पोट आहे. 2005 च्या पुरात, 26 जुलैला, त्यांनी अर्धं शटर वर करून मेणबत्त्या आणि दूध दिलं होतं, पैसे नंतर द्या म्हणाले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये यादी खाली टाकली की पिशवी वर यायची. मी रविवारी जाताना त्यांच्याकडे गेले, दोन महिने आलो नाही म्हणून मला काय बोलावं ते सुचेना, तर त्यांनी नेहमीसारखी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. एवढंच विचारलं, "बाबांची तब्येत बरी आहे ना? दिसले नाहीत." मला तिथेच रडू आलं.

तर आता कसं करायचं ते नीट ऐका. तुम्हाला काही कमी पडणार नाही. तांदूळ, तेल, पीठ, साबणाचं जड सामान वाणीकाकांचा मुलगा वर आणून देईल, आईने व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज केला तरी चालतं, लिहायची गरज नाही. वही परत उघडलीय, एक तारखेला बाबांनी पैसे द्यायचे, जीपे नको असेल तर रोख. आईचा इंद्रायणी आणि बाबांचा तोच शेव-चिवडा आहे त्यांच्याकडे, विचारून आलेय. कानाच्या मशीनच्या 312 नंबरच्या बॅटऱ्या आणि आईचा गुडघ्याचा पट्टा जवळपास मिळत नाही, ते मी इथून ऑनलाइन मागवून घेऊन येईन. ऑनलाइन वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीच.

भाजी मात्र तुम्ही दोघांनी स्वतः आणायची. रोज. दोनशे ग्रॅम आणा, एक लिंबू आणा, पण खाली उतरा. गोखले रोड संध्याकाळी नको, गर्दीत रिक्षावाले बघत नाहीत, सकाळी जा. बाबा, काठी न्यायची, लाजायचं नाही. औषधं फक्त केमिस्टकाकांकडून, चिठ्ठी आणि आधीची पाकिटं दोन्ही दाखवून. आणि रिफंड द्यायचाय म्हणून कुणाचाही फोन आला तर ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं लबाडी आहे. चुकून दिलाच तर मला सांगायला घाबरू नका, त्याच मिनिटाला 1930 ला, ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि मग मला. पोह्यांवरून भांडायचंच असेल बाबा, तर 1915 ला तक्रार करा, ग्राहकांची हेल्पलाइन आहे, तुम्हाला आवडेल.

जास्त बोलले असेन तर आई, माफ कर. बाबा, तुम्हीही.

या बुधवारी मी हाफ डे टाकलाय. चार-साडेचारला ठाण्यात उतरते, चहा घरीच घेऊ आणि मग तिघं जांभळी नाक्याला जाऊ, पाच फळं, डहाळ्या आणि खरी वेणी आणायला. ती निळी पिशवी तेवढी आजच भिजत घाल, उन्हात वाळायला वेळ लागतो तिला.

तुमची,
चिमी