आइस्क्रीमची थाप

कराड, शनिवार

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू नुसतं "हं, हं" करतोस आणि दर "हं"ला डोळ्यांत पाणी येतं, असं आई म्हणाली. म्हणून फोन बंद. हे पत्र आईच तुला वाचून दाखवेल, तू मान हलवलीस तरी पुरे.

आधी कबुली देतो. "टॉन्सिल म्हणजे काय रे, दोन दिवसांत आइस्क्रीम खात घरी!" ही माझी थाप होती. माझे टॉन्सिल 1979 साली मिरजेला काढले, मी सात वर्षांचा होतो. नाकावर धरलेलं काहीतरी, त्याचा उग्र वास आणि नंतर लाकडी चमच्याचा आइस्क्रीमचा कप, एवढंच मला आठवतं. काल आजीला विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणे, कप नुसता हातात धरून बसलास, तो वितळून चादरीवर सांडला. पाण्याचा थेंब घेईनास. अण्णा दोन रात्री उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होते. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही!

डॉक्टरांनी तर तुझ्यादेखत सांगितलं होतं की मोठ्या माणसाला लहान मुलापेक्षा जास्त दुखतं, दहा ते चौदा दिवस धरून चाला. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर येऊन तुला आइस्क्रीमचं सांगितलं. तरी ऑपरेशन केलं ते बरंच झालं. वर्षात सात वेळा घसा धरला, सात वेळा अँटिबायोटिक झालं, आणि आम्ही आपले हळद-मिठाच्या गुळण्यांवर भिस्त ठेवून होतो. ते दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

कान ठणकतात म्हणून तू घाबरलास. कानाला काही झालेलं नाही. घशाची आणि कानाची एक नस सामाईक असते, म्हणून जखम घशात आणि कळ कानात. मोबाइलची बॅटरी मारून आरशात जे पांढरं पाहिलंस तो पू नाही, खपली आहे. तोंडात ओली राहते म्हणून तशी दिसते. वास येतो तोही तिचाच. खरवडू नकोस, खळखळून गुळण्या करू नकोस.

आता नीट ऐक. सोमवारी ऑपरेशन झालं, म्हणजे आज पाचवा दिवस. इथून दहाव्या दिवसापर्यंत खपली सुटते आणि तेव्हाच रक्त येण्याची भीती असते. लाल, ताजं रक्त दिसलं तर थोडं का असेना, रात्रीचे तीन वाजलेले असोत, रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठा. मला फोन नंतर. तू झोपेत सारखा गिळत असलास तर आईने उठवून तोंडात बघायचं.

गोळी दुखायला लागल्यावर घ्यायची नाही, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची, झोपेतून उठूनसुद्धा. तुझ्या रूममेटच्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन मात्र नको, तिने रक्त लवकर थांबत नाही. आणि पाणी! घसा कोरडा पडला की दुखणं दुप्पट, म्हणून मग पाणी नको वाटतं, म्हणून अजून कोरडा. मऊ भात-तूप, गार दूध, रव्याची खीर चालू दे. चिवडा, लिंबू, टोमॅटोचं सार दोन आठवडे नाही. आजी हळदीचं दूध घ्यायला सांगते आहे. घेतलंस तर गार करून घे, आणि तिला गरम घेतलं म्हणून सांग.

मी सोमवारी पहिल्या एस्टीने निघतो, दुकान चार दिवस बंद राहिलं तर राहू दे. रात्रीच्या गोळीचा गजर तेव्हापासून माझ्या उशाशी, आईला झोपू दे. पाणी पाजायला चमचा घरूनच घेऊन येतोय.

तुझा,
बाबा