सागरी महामार्गाच्या साइडपट्टीचा विचार कधी होणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर होऊ घातलेल्या खाडीपुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात आणि रत्नागिरी जिल्ह्याचा रहिवासी या नात्याने मी त्या आवर्जून वाचतो. पुलाची लांबी, त्याचा खर्च आणि मोटारीने जाणाऱ्याचा वाचणारा वेळ यांची माहिती त्यांत असते. डांबर जिथे संपते तिथपासून गटारापर्यंत जी हात-दोन हात जागा उरते, त्या साइडपट्टीबद्दल मात्र त्यांत चकार शब्द नसतो. गेल्या हिवाळ्यात एका मित्रासोबत दापोलीहून गणपतीपुळ्यापर्यंत सामानासह सायकलने गेलो असता, त्या संपूर्ण दिवसाचे बरेवाईट याच पट्टीने ठरवले, म्हणून हे लिहीत आहे.

हा मार्ग शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. दापोलीहून दाभोळला उतरायचे, फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागायचे, पुढे गुहागर, पालशेत, हेदवी करीत तवसाळ गाठायचे, तेथे शास्त्री नदीच्या मुखावर पुन्हा फेरीबोट धरायची आणि जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळे. समुद्राला धरून जाणारा रस्ता सपाट असणार, असा घाटावरच्या मंडळींचा समज असतो आणि सांगलीकडच्या माझ्या मित्राचाही तोच होता. प्रत्यक्षात हा रस्ता एका खाडीतून वर सड्यावर चढतो, जांभ्याच्या उघड्या माळावरून थोडा वेळ चालतो आणि पुन्हा पुढच्या खाडीत किंवा पऱ्ह्यात उतरतो. एखादा मोठा घाट एकदा चढला की संपतो, पण येथे मिळवलेली सगळी उंची अर्ध्या तासात घालवून परत पहिल्यापासून चढायला लागावे लागते. त्यात कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवलेली सायकल उभी राहून मारता येत नाही, ती डोलते. सड्यावर सावली नाही, आणि डिसेंबरातही दुपारचे ऊन तेथे चांगलेच भाजून काढते.

गुहागर सोडल्यावरच्या एका चढावर मित्राच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सकाळपासून तो नुसते पाणी पीत होता. रस्त्याकडेच्या एका घरातील काकूंनी आम्हाला पडवीत बसवले, मीठ घातलेले कोकम सरबत दिले आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला. तासाभराने तो पुन्हा सायकलवर बसला. चढ, ऊन आणि थकवा यांबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही, कारण ते सगळे आम्हीच हौसेने अंगावर घेतलेले होते.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या प्रसंगाची. हेदवीच्या अलीकडे एका वळणदार उतारावर समोरून डंपर आला आणि त्याच वेळी मागून आलेल्या मोटारीने हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडण्याची घाई केली. मित्राने सायकल डावीकडे घेतली. तेथे डांबराची कड वीतभर उंच होती आणि खाली सुटी खडी पडलेली होती. पुढचे चाक कडेवरून घसरले आणि तो आडवा झाला. सुदैवाने डावीकडे, गवतात. उजवीकडे पडला असता तर हे पत्र वेगळ्या प्रकारचे झाले असते. कोपर आणि गुडघा खरचटला, एक स्पोक तुटला आणि चाक इतके आउट झाले की ते ब्रेकला घासू लागले. मोटार थांबली नाही. मागून आलेल्या एका टेम्पोचालकाने मात्र आपण होऊन दोन्ही सायकली हौद्यात चढवल्या आणि पुढच्या गावातील पंक्चरवाल्याकडे सोडले. त्या गृहस्थाकडे मोटारसायकलींचेच काम असते, तरीही त्याने स्पोकचावी शोधून काढली, शेजारच्या स्पोका कमी-जास्त आवळून चाक चालण्यापुरते सरळ केले. या सगळ्यात तीन तास गेले, आणि उजेडात जयगड सोडायचे असे जे ठरवले होते ते राहून गेले. जयगडला बंदर असल्याने तेथून निघणाऱ्या रस्त्यांवर मोठ्या ट्रकांची वर्दळ असते. अशा रस्त्यावर, अंधारात, कडेला उतरण्याची सोय नसताना, एक चाक डुगडुगत असलेल्या सायकलने जाणे हा त्या दिवसातील सर्वांत कठीण भाग होता. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे, असे मनात होते. ते अर्थातच बंद झाले होते.

ही वीतभर कड एका दिवसात तयार होत नाही. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि रस्ता थोडा उंच होतो, पण साइडपट्टी होती तेथेच राहते. तिच्यात कधी केबलसाठी, कधी नळासाठी चर खणला जातो आणि तो वरवर बुजवला जातो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे दबाई न करता टाकलेली माती पहिल्याच पावसाळ्यात गटारात जाते आणि खडी तेवढी मागे उरते. मुरूम पाणी मारून, रोलर फिरवून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन भरला तर ही पट्टी टिकते. हे काम माहीत नाही असा एकही अभियंता किंवा ठेकेदार नसावा.

यात सायकलवाल्यांचे लाड करावेत, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आमच्यासारखे हौशी प्रवासी वर्षातून एकदा येतात आणि जातात. त्याच कडेने रोज शाळेची मुले चालतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या मासे विकणाऱ्या बायका चालतात, एसटीची वाट पाहत म्हातारी माणसे उभी राहतात. दुचाकीस्वाराचे चाक या कडेवरून घसरले, तर त्याचा वेग आमच्या दुप्पट-तिप्पट असतो.

खाडीपुलांचा मुद्दा येथेच येतो. आज फेरीबोटीवर पायी माणूस, सायकल, रिक्षा आणि मोटार एकाच फळीवरून चढतात आणि एकाच वेळी पलीकडे उतरतात. दाभोळच्या धक्क्यावर आम्हाला कोणी बाजूला सारले नाही, उलट उतरताना शेवाळलेल्या उतारावर खलाशाने सायकल धरली. पूल झाल्यावर ही फेरीबोट चालणे परवडेल की नाही, याची शंका आहे. पूल जहाजांना आणि मच्छीमार नौकांना वाट सोडण्यासाठी उंच असणार, म्हणजे दोन्ही बाजूंना त्याचे पोहोचरस्ते लांब आणि चढाचे असणार आणि ते गावाच्या धक्क्यापासून दूर सुरू होणार. धोपाव्याहून दाभोळच्या बाजारात पायी जाणाऱ्या माणसाला तेव्हा या चढावर आणि पुलावर चालण्यासाठी जागा लागेल. ती आराखड्यात आधी नसेल तर नंतर जोडता येत नाही. रस्ता पुढेमागे रुंद करता येतो, पण खाडीवरचा पूल एकदा बांधला की पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच रुंदीचा राहतो.

म्हणून संबंधित यंत्रणेने या पुलांवर कठड्याच्या आत पदपथ आणि त्यालगत सायकल सुरक्षितपणे चालेल एवढी पट्टी ठेवली आहे काय, हे प्रत्येक पुलाच्या नावानिशी जाहीर करावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. पूल वाहतुकीला खुले झाल्यावरही निदान पायी प्रवाशांसाठी लहान होडी चालू ठेवता येईल काय, याचा विचार दोन्ही काठांच्या ग्रामपंचायतींना विचारून व्हावा.

साइडपट्ट्यांसाठी पुलांइतकी वाट पाहण्याची गरज नाही. पावसाळा संपल्यावर खड्डे भरण्याचे जे काम निघते, त्याच्याच अंदाजपत्रकात कडा भरण्याची बाब धरावी आणि सुरुवात सरळ रस्त्यावरून न करता उताराच्या वळणांपासून करावी. तसेच उतारावरचे गतिरोधक झाडाच्या सावलीत असतील तर दिवसाही दिसत नाहीत; त्यांच्यावरचे पांढरे पट्टे त्याच फेरीत नव्याने रंगवून घेता येतील.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, चिपळूण