शांघायच्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई, सादर नमस्कार.

तुमच्याकडून मी दम्याचं ‘चायनीज औषध’ घेतल्याची बातमी आमच्या नातेवाइकांत पसरली आहे आणि ‘पुडी मिळेल का?’ असे फोन सुरू झालेत. म्हणून हे आभाराचं पत्र उघडच लिहिते. शांघायची माझी जुनी सहकारी ते चिनीत करून तुम्हाला पोचवेल.

पहिल्या भेटीत माझा एकच प्रश्न होता: पंप कधी सुटेल? शांघायचा हिवाळा ओला, गारठा हाडात शिरणारा. तो संपतो न संपतो तोच रस्त्याकडेच्या प्लेन झाडांची लव हवेत तरंगायला लागते. दोन्हींनी माझी छाती वाजायची. तुम्ही नाडी पाहिलीत, जीभ पाहिलीत आणि लगेच स्पायरोमेट्रीला, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीला, पाठवलंत. पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयात ते यंत्र असेल, असं मला वाटलंच नव्हतं. रिपोर्ट बघून तुम्ही म्हणालात, स्टेरॉइडचा रोजचा पंप चालूच राहील, हे कबूल असेल तरच पाठीवर औषधी लेपाच्या पट्ट्या लावेन. आमच्याकडे ‘पंपाची सवय लागते’ हे घरोघरी ऐकायला मिळतं. त्या अटीसाठी तुमचे पहिले आभार.

मा हुआंगबद्दलही मी विचारलं होतं, कारण दम्यावरची चिनी वनस्पती म्हणून तिचंच नाव कानावर आलं होतं. तिच्यातलं एफेड्रिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं द्रव्य जपानचे शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये वेगळं काढलं आणि पुढे १९२०च्या दशकात पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन आणि श्मिट यांनी त्यावर काम केल्यावर ते जगभर दम्यासाठी वापरलं गेलं, हे तुम्ही कौतुकानं सांगितलंत. आणि मग मला ते द्यायला साफ नकार दिलात. धाप लागली की घ्यायच्या माझ्या निळ्या पंपानं आधीच हात थरथरतात, छाती धडधडते; त्यात ही भर नको, एवढंच म्हणालात.

पट्ट्यांचं सांगते, कारण फोन करणाऱ्यांना तेच हवंय. हिवाळ्यात बळावणारा आजार भर उन्हाळ्यात धरायचा, ही कल्पना. जुलैच्या मध्यापासून महिना-सव्वा महिन्यात उन्हाळ्याचे तीन टप्पे येतात, दर टप्प्याला पट्टी, आणि असं सलग काही वर्षं. पांढरी मोहरी, कॉरिडॅलिसचा कंद, असारमची मुळं, गान्सुई नावाचं मूळ, हे सगळं आल्याच्या रसात कालवून पाठीवर, फऱ्यांच्या मधे मणक्याच्या दोन्ही बाजूंना. चिनी वैद्य झांग लू यांच्या १६९५च्या ग्रंथात हे आहे, असं तुम्ही म्हणालात. माझे काका मृगाला हैदराबादला मासा गिळायला जायचे, त्यामुळे पंचांग बघून दम्याचा उपचार ही गोष्ट मला परकी वाटली नाही. फरक इतकाच की तुम्ही घटक एकेक करून सांगितलेत, आणि त्यातलं गान्सुई विषारी आहे, असारमही बेताबेतानंच वापरायचं, हेही. चार पट्ट्या घरी न्यायला मागितल्या तेव्हा हसून नकाराची मान हलवलीत. पाठ भाजल्यासारखी व्हायला लागली की तुमची नर्स ठरल्या वेळेआधीच पट्टी काढायची. शेजारच्या आजींना फोड आले होते, ते मी पाहिलंय. तेव्हा पुडी मागणाऱ्यांनो, पुडी मिळणार नाही.

गेला हिवाळा बरा गेला. यात पट्ट्यांचा वाटा किती आणि न चुकता घेतलेल्या पंपाचा किती, हे मला सांगता येणार नाही. तुम्हीही श्रेय घेतलं नाहीत, नुसतं ‘पंप घेतेस ना?’ एवढंच विचारलंत.

बदली होऊन मी पुण्याला आले आणि पट्ट्यांचा क्रम अर्धवट राहिला. निघताना तुम्ही इंग्रजीत लिहून दिलेला कागद, कुठली पट्टी किती वेळ, पंपाचा डोस, स्पायरोमेट्रीचे आकडे, इथल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या फाइलला लावून घेतला. डोस तोच ठेवलाय.

आपली कृतज्ञ,
पुण्याची पेशंट