तोंड वाकडं झालं? आधी कपाळ पाहा

महोदय,
तोंड वाकडं झालं की आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणून मालिश सुरू होते आणि जत-आटपाडीहून रुग्ण मिरजेला पोहोचेपर्यंत दिवस उलटतो. रुग्णाला भुवया वर करायला सांगा. ओठाचा कोपरा लोंबतोय, पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडताहेत, तर दोष बहुधा मेंदूत आहे, म्हणजे पक्षाघाताची शंका घ्या. चेहऱ्याच्या खालच्या भागाचा ताबा मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडे असतो; कपाळाला दोन्ही अर्धगोलांकडून संदेश मिळतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देता येतं, म्हणून थेट १०८. हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर कपाळ बघण्यातही वेळ घालवू नका.

कपाळ सपाट आणि डोळाही मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली असते. तरी डॉक्टर त्याच दिवशी गाठा. स्टेरॉइड ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. उघडा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते, तेव्हा रात्री मलम नि पट्टी हवीच.

पक्षाघातात काही जणांना सांगून हसता येत नाही, पण नातवाच्या बोलण्यावर तोंड सरळ हसतं. घरचे त्याला सोंग म्हणतात, हे फार वाईट. ठरवून हसण्याची आणि आपसूक हसण्याची मेंदूतली वाट वेगवेगळी असते.

— मेंदूविकार पुनर्वसनात काम करणारे काही वाचक, मिरज (जि. सांगली)