ब्री गावाचं नाव

नाशिक, रविवार रात्र

प्रिय बंडू,

स. न. वि. वि.

तुमच्या पथकाच्या सरावाला आलो होतो तेव्हाच तुला एका धुनेबद्दल सांगायचं होतं, पण त्या ढोलांपुढे बोलणार कसं! म्हणून हे पत्र.

फ्रेंच लष्कराच्या बँडकडे एक जुनी कूच, म्हणजे पावलं टाकत चालायची धून, आहे, ‘रॉबर्ट ब्रूसच्या सैनिकांची कूच’. मी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात ती अगदी संथ आहे. घाई नाही, आरडाओरडा नाही, एकेक पाऊल तोलून टाकल्यासारखं. पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातला चहा तसाच निवला. मग प्रश्न पडला: फ्रेंच शिपायांच्या कवायतीत स्कॉटलंडच्या राजाचं नाव आलं कुठून?

धून स्कॉटलंडची आहे. तिकडे ती ‘हे टटी टाटी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. 1314 साली बॅनकबर्नला ब्रूसने इंग्रजांचा मोड केला, तेव्हा त्याचं सैन्य याच सुरावर चाललं अशी तिकडची आख्यायिका. कवी रॉबर्ट बर्न्सने ती ऐकली होती, आणि 1793 मध्ये त्याने याच चालीवर ब्रूसच्या तोंडी गीत घातलं. फ्रान्सची परंपरा पुढचं सांगते: 29 एप्रिल 1429 रोजी फ्रेंचांची वीरकन्या जोन ऑफ आर्क इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआँ शहरात शिरली, तेव्हा सोबतच्या स्कॉटिश धनुर्धाऱ्यांनी हीच धून वाजवली. लेखी पुरावा नाही, ऐकीव वारसा आहे. पण स्कॉट लोक त्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने होते, हे पक्कं. तेव्हा ऑर्लेआँचा बिशपसुद्धा जॉन कारमायकेल नावाचा स्कॉटच होता.

आता मला खरं भारावून टाकणारी गोष्ट ऐक. ‘ब्रूस’ हे आडनाव मुळात स्कॉटिश नाहीच. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात ब्री नावाचं गाव आहे, त्यावरून ते पडलं. तिथलं हे घराणं इंग्लंडमार्गे उत्तरेला गेलं आणि 1124 च्या सुमारास राजा पहिला डेव्हिड याने त्यांना स्कॉटलंडमधल्या ॲनंडेलचं वतन दिलं. त्याच घराण्यातला रॉबर्ट 1306 मध्ये राजा झाला. म्हणजे फ्रान्समधून गेलेलं गावाचं नाव तीन शतकांनी धुनेच्या रूपाने फ्रान्सला परत आलं! हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, नाहीतर तुला तेव्हाच फोन लावला असता.

स्टुअर्ट घराण्याचंही तसंच. त्यांचे पूर्वज फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या डोल गावच्या बिशपाचे कारभारी होते, पुढे स्कॉटलंडच्या राजाचे कारभारी झाले. त्या हुद्द्याचंच आडनाव झालं, आपल्याकडे चिटणीस, फडणीस झाले तसं. त्यांच्यातला डार्नलीचा जॉन स्टुअर्ट फ्रेंचांच्या बाजूने लढायला आला. 1423 मध्ये त्याला फ्रान्समधल्या ओबिन्यीची जहागीर मिळाली. 12 फेब्रुवारी 1429 रोजी ऑर्लेआँजवळ रूव्हरेला इंग्रजांचा रसदीचा तांडा अडवताना तो पडला. गाड्यांत ख्रिस्ती उपासाच्या दिवसांसाठी, मांस वर्ज्य म्हणून, खारवलेले मासे होते. जोन शहरात पोचायला अडीच महिने उरले होते. ओबिन्यी पुढे दोनशेहून अधिक वर्षं त्याच्या वंशजांकडे राहिलं, आणि आजही जुलैत तिथे फ्रेंच-स्कॉटिश उत्सव भरतो.

पण माझा जीव गुंतला तो डग्लसमध्ये. आर्चिबाल्ड, डग्लसचा चौथा अर्ल, म्हणजे स्कॉटलंडचा सरदार. 1402 मध्ये होमिल्डन हिलच्या लढाईत त्याचा एक डोळा गेला, वर इंग्रजांच्या कैदेत पडला. पुढच्याच वर्षी श्रूझबरीच्या लढाईत पुन्हा कैद. लोक त्याला ‘टाइनमन’ म्हणत, म्हणजे हरणारा माणूस. पन्नाशी उलटल्यावर तो हजारोंची फौज घेऊन फ्रान्सला उतरला. फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याने त्याला तुरेन प्रांताचा ड्यूक केलं. ती मोठी पदवी त्याला चार महिनेच लाभली. 17 ऑगस्ट 1424 रोजी व्हेर्नॉयच्या रणात तो, त्याचा मुलगा आणि जावई, बकनचा अर्ल, तिघेही मारले गेले. हा जावई म्हणजे फ्रान्समधल्या बोझेच्या लढाईत 1421 मध्ये इंग्रजांना धूळ चारणारा सेनापती. स्कॉटिश फौजेचा व्हेर्नॉयला जवळपास फडशाच पडला. डग्लसला तुरेनमधल्या तूर शहराच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं, स्वतःच्याच जहागिरीत, पण घरापासून किती दूर! ‘हरणारा’ म्हणून त्याला हिणवणं मला सहन होत नाही. एक डोळा गेलेला माणूस म्हातारपणी समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या राज्यासाठी उभा राहतो, त्याला वेगळं नाव हवं होतं.

आता धून ऐकताना मला ब्रूस दिसत नाही, व्हेर्नॉयच्या शेतातली ती माणसं दिसतात.

ध्वनिमुद्रण पाठवतो. तू टिपरू हातात घेऊन ऐक आणि मला एवढंच सांग, या लयीवर माणूस दिवसभर चालू शकेल का? मला वाटतं चालेल. पण पाच तास मिरवणुकीत ढोल कमरेला बांधून चालणारा तू आहेस, तुझं उत्तर खरं.

वहिनींना नमस्कार, छोटीला खूप आशीर्वाद.

तुझाच,
नाना